पुदिन्यावरचा तांबेरा

मेकनेस शहरातल्या एका शेतकी प्रयोगशाळेत माझं काम एकच: पानावरचा डाग बघायचा आणि तो कुठल्या बुरशीचा ते सांगायचं. लोक यजमानाचा चेहरा बघतात, मी त्याच्या कुंडीतलं पान उलटून बघतो. असा हा दीडशहाणा बूश्ता, म्हणजे मी, आईला घेऊन झहूरला मागणी घालायला गेलो.

तिच्या आईनं, लल्ला बतूलनं, चहाच्या तबकात पुदिन्याची जुडी ठेवली होती. सवयीनं मी एक पान उलटलं. खाली पिवळट नारिंगी ठिपके! खिशातलं भिंग काढून बघितलं, अंगठ्यानं चोळलं, तर भुकटी बोटाला लागली.

"हा तांबेरा," मी जाहीर केलं. "बुरशीच आहे. अख्खा वाफा उपटून जाळा."

आईनं मला कोपरानं ढोसलं. लल्ला बतूलचा किटली धरलेला हात हवेतच राहिला. "अरे बाबा, तू मुलगी बघायला आलायस की पुदिना?"

मी आपला बुरशीची सगळी कुळकथा सांगत सुटलो. तेवढ्यात झहूरनं येऊन माझ्या नाकासमोर दोन्ही हात धरले. बोटं पिवळीजर्द.

"हळद आहे, सी बूश्ता. कोंबडीला चोळता चोळता पुदिना खुडला मी. भिंग आणलंच आहे, तर मलाही बघा एकदा."

लग्न झालं, हे तिचे उपकार. पण आजही पाहुण्यांना ती पुदिन्याचा चहा देते आणि माझ्या पेल्यात शीबा नावाच्या कडूजहर वनस्पतीचा पाला टाकते. परवा त्या पाल्यावर खऱ्याच तांबेऱ्याचे ठिपके होते. मी गुमान प्यायलो.