चारही बाजूंना पत्ता

आधी काका बॅगेच्या मुठीला हात घालायचे. मग डोळे मिटायचे, बॅग वीतभर वर उचलायचे आणि तशीच धरून उभे राहायचे. तेवढा वेळ घरातले सगळे गप्प. मग बॅग खाली ठेवून निकाल, "साडेबावीस किलो. एक पापडाचं पाकीट अजून बसेल."

काट्यावर ठेवली की साडेबावीसच भरायची. आमच्या ह्यांनी एकदा इमारतीतले तीन काटे गोळा करून पडताळा घेतला होता. काट्याकाट्यांत फरक निघाला. काकांचा आकडा मात्र मधल्या काट्याशी तंतोतंत जुळला.

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. कोणी सगळ्यांचे फॉर्म भरून देतो, कोणी गिझर उघडून बसतो. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा भरून देणारे काका होते. ठाण्याला औषधांच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात, त्यांनी पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन बसतात, काका लोकांच्या हॉलमध्ये उघड्या बॅगेसमोर मांडी घालून बसायला लागले. आणि आमच्या डोंबिवली पूर्वेत परदेशी मूल नसलेली इमारत आता शोधावी लागते, त्यामुळे त्यांना रविवारसुद्धा मोकळा मिळायचा नाही.

ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. माझा मुलगा त्यांना काका म्हणायचा म्हणून मीही काका म्हणायचे, आणि ते मला वहिनी म्हणायचे. नात्याचं गणित जुळत नाही, पण शेजारात चालतं.

मुलगा पहिल्यांदा कॅनडाला निघाला तेव्हा मी दोन दिवस खपून त्याची बॅग भरली होती. काका आले, बॅगेकडे बघितलं आणि मला न विचारता सगळी दिवाणावर पालथी केली. मला इतका राग आला!

"वहिनी, यात सामान कमी आहे. हवाच जास्त आहे."

"काका, कपड्यांच्या घड्या किती नीट घातल्यात बघा तरी."

"घड्या छानच आहेत. पण कुकर रिकामा आहे ना! रिकामा कुकर म्हणजे पाच लिटर हवा."

मग त्यांनी कुकरमध्ये डबा घातला, डब्यात तूरडाळ, डाळीत हळदीची पुडी, आणि कुकरची शिटी मोज्यात. गोडा मसाला बुटात गेला. भाजणी उशीच्या अभ्र्यात. मी घातलेलं सगळं तर बसलंच, शिवाय मी जागा नाही म्हणून बाजूला काढून रडले होते ते डिंकाचे लाडूही बसले. माझा राग तिथेच संपला.

या कामाचे ते काहीच घेत नसत. अर्धा कप चहा, आणि पोचल्यावर एक फोन. तोही प्रवास कसा झाला हे विचारायला नव्हे. मुलाचा पहिला फोन आला तेव्हा मी "जेवलास का रे?" म्हणेपर्यंत काकांनी फोन हातातून घेतला.

"काय फुटलं?"

"काही नाही काका."

"शाब्बास," म्हणून त्यांनी फोन ठेवूनच दिला. मी रिकाम्या हाताने बघत राहिले. पुन्हा लागेना, तेव्हा ह्यांनी मला खूप चिडवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींशी मात्र त्यांचं वाजलं होतं. मावशींच्या लोणच्यातलं तेल त्यांनी गाळून बाजूला काढलं. "तेल तिकडे मिळतं मावशी, तिथे गेल्यावर ओता." मावशी म्हणाल्या, लोणच्याचा जीव गेला. चार दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. पुढे त्यांच्या बहिणीने कोणाचंही न ऐकता बरणी तशीच नेली आणि तिकडे जावयाच्या सुटासकट सगळं पिवळं झालं. त्यानंतर मावशी स्वतःच लोणचं गाळून आणायला लागल्या.

साऱ्या इमारतीला परदेशी पाठवणारा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला नव्हता. एकुलती एक मुलगी कॅनडात, टोरांटोच्या जवळ मिसिसागाला, दहा वर्षं. काकू गेल्या त्याला चार वर्षं झालेली. मुलगी दर रविवारी फोनवर "बाबा, ये ना" म्हणायची आणि काका "बघू" म्हणायचे. तिच्यासाठी डबे मात्र सतत जायचे. जो कोणी त्या दिशेला निघेल त्याच्या बॅगेत एक कोपरा काकांच्या लेकीचा असायचाच.

शेवटी आम्ही दोघं मुलाकडे निघालो तेव्हा ह्यांनी काकांना धरलंच. आमचा मुलगा मिसिसागापासून अर्ध्या तासावर राहतो. जाता-येता सोबत, मग अडचण काय? काका तीन महिन्यांसाठी आले.

पहिल्याच आठवड्यात लेकीने त्यांना विचारलं. कायमचा इकडे ये. वरची खोली तुझ्यासाठीच ठेवलीय, कागदपत्रांचं मी बघते. काका म्हणाले, "जायच्या दिवशी सांगतो." ती बिचारी तीन महिने वाट बघत राहिली. मला फोन करून विचारायची, "काकू, बाबा तुमच्याशी काही बोलला का हो?"

माझ्याशी ते एकदाच बोलले, तेही मी खोदून विचारल्यावर. आम्ही त्यांच्या घराजवळच्या बागेत फिरत होतो. काकांनी लेकीने दिलेला कोट घातला होता, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

"पोरगी चांगली आहे, जावई चांगला आहे," ते म्हणाले. "पण मी इथे करू काय वहिनी? सकाळी दोघं कामाला जातात, नात शाळेत जाते. मला आपलं खिडकीशी ठेवतात. डोंबिवलीत निदान कोणीतरी दार वाजवतं. इथे मी म्हणजे त्यांच्या घरातलं सामान झालो."

मी म्हटलं, "काका, असं काहीतरी बोलू नका," आणि ते माझ्याकडे बघून हसले. त्या दिवशी मला काही गोड लागलं नाही.

मग निघायचा दिवस आला. विमान दुपारचं होतं. सकाळी मुलाने आम्हाला गाडीत घातलं आणि आम्ही काकांना घ्यायला त्यांच्या लेकीकडे गेलो. ती ओट्याशी वाटेसाठी दशम्या करत होती. डोळे सुजलेले. जावई उगाचच इकडून तिकडे करत होता. आणि काका हॉलमध्ये आपल्या बॅगेसमोर मांडी घालून बसले होते.

त्यांनी डोळे मिटून बॅग उचलली. "अठरा," ते म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. पाच किलोची जागा मोकळी ठेवून जायची त्यांच्यावर पहिलीच पाळी. पण तिकडून आणायचं तरी काय? चॉकलेटं आणली, मेपल सिरपची बाटली घेतली, संपलं. त्यांचेच आठ शर्ट त्या बॅगेत ऐसपैस पडले होते.

लेक पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, तू आज सांगणार होतास."

"लेबल होऊ दे गं. लेबल झालं की सांगतो."

लेबल ते कधी कोणाला लिहू देत नसत. जाड काळं मार्कर, मोठी ठसठशीत अक्षरं, नाव, पत्ता, फोन. एकसारखे चार कागद, बॅगेच्या चारही बाजूंना, वर रुंद चिकटपट्टी. विमान कंपनीची पट्टी फाटली तरी माल पोचला पाहिजे, असं म्हणायचे. त्या दिवशीही त्यांनी मन लावून चार कागद लिहिले, चिकटवले, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि उठून उभे राहिले.

मीच आधी वाचलं. वाचून गप्प बसले. आमच्या ह्यांना मात्र गप्प बसणं जमत नाही.

"अहो काका, हा तर इथलाच पत्ता लिहिलात की!"

खरंच. मिसिसागाचा घर नंबर, रस्ता, सगळं. दहा वर्षं लेकीच्या डब्यांवर जो पत्ता लिहिला, तोच हाताने आपण होऊन लिहिला होता. काका वाकले. एक बाजू बघितली, बॅग फिरवून दुसरी बघितली. त्यांचे कान लाल झाले.

"चूक झाली," ते म्हणाले. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

लेक बॅगेभोवती एक चक्कर मारून आली.

"चारही बाजूंना चूक झाली, बाबा?"

ते चिकटपट्टी सोलायला लागले. तिने त्यांचा हात धरला, पिठाचा हात तसाच त्यांच्या मनगटावर.

"राहू दे."

"अगं, बॅग हरवली तर तुझ्या दारात येईल ती."

"येऊ दे की."

काकांनी पट्टी सोलायचं सोडून दिलं, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. दशम्यांचा डबा त्यांच्या पिशवीत ठेवला, नातीने गळ्यात पडून पापे घेतले. "येतो गं," म्हणून ते गाडीत बसले. विमानतळ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला त्या मुलीसाठी फार वाईट वाटत होतं, आणि काकांचा थोडा रागही आला होता. तीन महिने झुलवून एक शब्द बोलले नाहीत.

मुंबईला उतरलो. आमच्या बॅगा आल्या, लोकांच्या आल्या, पट्टा रिकामा फिरून थांबला. काकांची बॅग नाही.

"माझी?" ते म्हणाले. "माझी बॅग?"

मुलुखभरच्या लोकांच्या बॅगा सुखरूप पोचवल्या आणि स्वतःची हरवली. तक्रारीचा फॉर्म भरताना ते काउंटरवरच्या मुलीला आपण किती पक्कं लेबल लावलं होतं ते समजावून सांगत होते. पत्ता कुठला लिहिला होता, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

पुढचे आठ दिवस काका तीन जुन्या शर्टांवर फिरत होते. नवव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात फोन, आणि हसून हसून बोलता येईना.

"बॅग सापडली वहिनी! मधल्या विमानतळावर विमान कंपनीची पट्टी निघाली, म्हणून त्यांनी लेबल वाचलं. घरी पोचवली."

"घरी? कधी? मला लिफ्टचा आवाजसुद्धा आला नाही."

"इथे नाही हो. लेकीकडे!"

आतून हे धावत आले. तिघंही दारातच हसत उभे राहिलो. मग मी विचारलं, आता ती परत पाठवणार का? काका हसायचे थांबले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

लेकीने फोटो पाठवला होता. तिने बॅग उघडली होती. आठही शर्ट धुऊन, इस्त्री करून, त्या वरच्या खोलीतल्या कपाटात ओळीने टांगले होते. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, "बाबा, सामान लागलं."

"मी पाठव म्हणायला फोन केलेला," काका म्हणाले. "तेवढ्यात हे आलं. आता उतरव म्हणू का तिला?"

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला जायचंय. उगाच शर्टांवर ढकलू नका."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून एकेक शर्ट बघितला. मग म्हणाले, "हो, जायचंय." त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला तसं सांगितलं. माझ्याच हॉलमधून सांगितलं, त्यामुळे तिकडचं रडणं मलाही ऐकू आलं. मला फार आनंद झाला.

कागदपत्रं यायला सहा-सात महिने गेले. काका कायमचे जाणार ही बातमी फुटली तशी माणसं यायला लागली. तिकडच्या मुलासाठी मेतकूट, सुनेसाठी पैठणी, नातवासाठी करदोटा. खडवलीहून कोणाकोणाचे वाल आले. मावशींनी लोणचं गाळूनच आणलं. काका कोणालाच नाही म्हणाले नाहीत.

"अहो, हे सगळं वाटणार कोण तिकडे?" ह्यांनी विचारलं.

"मी आहे ना. एकेक जण येईल, घेऊन जाईल. महिनाभर बेल वाजत राहील बघा," काका म्हणाले, आणि त्या कल्पनेनेच खूश झाले. लेकीच्या शेजारणीला भारतात पाठवायची बॅग भरून हवी होती, तिलाही त्यांनी फोनवरच वेळ देऊन टाकली होती.

दोन बॅगा भरल्या. तेवीस आणि तेवीस. त्यात काकांचं स्वतःचं काहीच नव्हतं. टॅक्सी आली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. ह्यांनी बॅगा डिकीत ठेवताना चारही बाजू तपासल्या.

"बरोबर आहे ना?" काकांनी विचारलं.

"एकदम," हे म्हणाले आणि पटकन दुसरीकडे बघायला लागले.

फ्लॅटची किल्ली काकांनी माझ्या हातात दिली. गॅस, वीज, पाणी, पेपर, काय काय बंद केलं त्याची यादी दाराच्या आत चिकटवली होती. टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि आम्ही वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर काकांच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती, रोजच्यासारखी, अर्ध्या लिटरची. यादीत दूध लिहायचं राहून गेलं होतं. मी ती काढून घरी आणली, तापवली आणि चहा केला. दूधवाल्याला 'आता समोर दूध नको' एवढं सांगायला मला पंधरा दिवस लागले.