धोतर मऊ होईपर्यंत

अंगावरचं कापड फाटायच्या जितकं जवळ येतं तितका माणूस सुखाच्या जवळ येतो, असं मनापासून मानणारा जगात एकच गृहस्थ मी पाहिला, आणि माझं नशीब असं की ते नेमके माझे चुलतसासरे निघाले. घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत. मी लग्न होऊन नागपूरहून रायपूरला, चौबे कॉलोनीतल्या या एकत्र घरात आले तेव्हा छत्तीसगड राज्य नवं कोरं होतं. शहर नुकतंच राजधानी झालेलं, आणि राजधानीला शोभेल असं दिसायची सगळ्यांना कोण घाई! रस्ते रुंद होत होते, जुन्या दुकानांवर ‘राजधानी’ नावाच्या नव्या पाट्या चढत होत्या, आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानेसुद्धा खुर्चीला लाल रेक्झिन लावून घेतलं. या सगळ्या धामधुमीत बुढा तालाब आणि मोठेबाबांचं बनियन या दोनच गोष्टी होत्या तशा राहिल्या होत्या.

बाहेर हा माणूस पाहिलात तर माझ्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सरकारी कचेरीत ते मोठे बाबू होते आणि कचेरीत जाताना टेरिकॉटचा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, चकचकीत बूट, असा त्यांचा थाट असे. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की मात्र एका हाताने ते बूट काढत आणि दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं. व्हरांड्यातल्या खिळ्यावर कचेरीचा माणूस टांगला जाई आणि आत जो शिरे तो वेगळाच कोणीतरी. त्याच्या पायजम्याच्या गुडघ्यावर मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हिरव्या लुगड्याचं ठिगळ असे, नाडीच्या जागी परकराची नाडी असे, आणि बनियनबद्दल मी काय बोलावं? ते घालताना डोकं नेमकं कोणत्या भोकातून काढायचं याचा त्यांना रोज विचार करावा लागे. एकदा चुकून डोकं खांद्याच्या भोकातून निघालं, तर तसंच एका बाजूला ओढलेलं बनियन घालून त्यांनी सबंध वर्तमानपत्र वाचलं, आणि मोठ्या आईने सांगितल्यावर म्हणाले, “तरीच म्हटलं, आज हवा चांगली येऊन राहिली.”

त्यांचं याबाबत शास्त्र होतं. शर्टाची नोकरी कचेरीत सुरू होई, पुढे बाजारहाटावर बदली होई, आणि कॉलर पूर्ण उसवली की घरात बढती मिळे. होय, बढतीच. मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं, “मोठेबाबा, कपाटात इतके शर्ट पडलेत, त्यातला एखादा घरात का घालत नाही?” ते माझ्याकडे अशा दयेने बघत राहिले की जणू मी भाताला डाळ का म्हणत नाही असं विचारलं होतं. मग म्हणाले, “बाई, कपड्याले माणसाची ओळख व्हायले चार वर्षं लागते. तोवर तो दुकानदाराचाच असते. अनोळखी माणसाले घेऊन झोपतं का कोणी?”

मोठ्या आईने हार मानली होती असं समजू नका. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई दर महिन्याला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, येई. मोठेबाबा कचेरीत गेलेले पाहून मोठ्या आईने एकदा त्यांचा सगळा घरातला संसार गाठोड्यात बांधून तिच्यापुढे ठेवला आणि एक साधी चाळणी मागितली. बाईने एकेक कपडा उजेडात धरला, त्यातून पलीकडचं फाटक पाहिलं, आणि गाठोडं परत सरकवत म्हणाली, “एमा कपड़ा कम, छेदा जादा हे दाई. चलनी तो तोरे घर मा हे.” इतकी वर्षं नवऱ्याच्या बनियनला पायपुसणं म्हणणारी मोठी आई त्या क्षणी अशी उसळली की काही विचारू नका. “आमच्या घरच्या कपड्याले नाव ठेवते? चल, हो बाहेर!” गाठोडं आत आलं, धुऊन, घड्या घालून पुन्हा खुंटीवर गेलं. संध्याकाळी हकीकत कळल्यावर मोठेबाबा दिवसभर इस्त्रीत राहिलेलं अंग मोकळं करत एवढंच म्हणाले, “त्या बाईले पारख आहे.”

भोपाळहून बदलून आलेल्या त्यांच्या साहेबांची गोष्ट तर सांगायलाच हवी. नव्या राजधानीत अधिकारी पुष्कळ आले आणि घरं कमी पडली, त्यामुळे हे साहेब बायकामुलांना भोपाळला ठेवून समोरच्या घराच्या गच्चीवरल्या खोलीत भाड्याने राहत होते. एका रविवारी ते अचानक आमच्या दारात उभे. मोठी आई नवा सदरा घेऊन आतून धावली, पण मोठेबाबांनी हात झटकला. “ते माह्या घरी आले ना? मी काहून त्यांच्या ऑफिसात बसू?” आणि त्याच बनियनवर, त्याच ठिगळावर हात ठेवून त्यांनी साहेबांना खुर्ची दिली. साहेबांची नजर ठिगळावरून भोकांवर फिरून आली. मग चहा घेता घेता म्हणाले, “बड़े बाबू, भोपाल छोड़ने के बाद आज पहली बार लगा कि किसी के घर आया हूँ.” पुढच्या रविवारी ते आले तेव्हा त्यांच्या अंगात एक विटका कुडता होता आणि पाठीवर इस्त्रीने भाजल्याचा तांबूस डाग होता. मोठेबाबांनी तो डाग निरखून मान डोलावली.

याच सुमारास बिलासपूरहून रेखाला दिवस गेल्याची बातमी आली. रेखा म्हणजे मोठेबाबांची एकुलती एक मुलगी, जावई रेल्वेत. बातमी आली खरी, पण घरात ती कोणी मोठ्याने बोलेना. दोन वर्षांपूर्वी रेखाचं पहिलं बाळ आलं आणि आठवडाही राहिलं नव्हतं. तेव्हा मी या घरात नव्हते, पण मोठ्या आईने एकदा भाजी निवडताना सगळं सांगितलं होतं. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलं घरचं सुती धोतर किंवा लुगडं फाडून त्याचीच दुपटी आणि लंगोट करतात. पण मोठेबाबांना, ज्यांनी स्वतःसाठी कधी हौसेने चिंधी आणली नाही त्यांना, आजोबा होण्याचा आनंद आवरला नाही. त्यांनी बाजारातून लेस लावलेलं नवं झबलं आणलं आणि पहिल्याच दिवशी नातवाच्या अंगात घातलं. बाळाच्या फुप्फुसात दोष होता, डॉक्टरांनी तसं नीट समजावून सांगितलं, सगळ्यांना ते समजलंही. पण मोठेबाबांच्या मनाने ते झबलंच धरून ठेवलं होतं.

रेखाला चौथा महिना लागला तेव्हा मोठेबाबा एके दिवशी पंडरीच्या कापड बाजारातून एक पुडकं घेऊन आले. आत मलमलची कोरी पांढरी धोतरं! दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन त्यांनी बनियन-पायजम्याकडे पाठ फिरवली आणि ते नवं, खळीचं, कागदासारखं वाजणारं धोतर नेसून घरात वावरायला लागले. चालताना आवाज यायचा. मी आपली थट्टेने म्हणून गेले, “अरे वा! शेवटी राजधानीची हवा लागली म्हणायची.” ते हसले नाहीत. “माह्यासाठी आणलं. माह्यासाठीच आणलं हे,” असं दोनदा म्हणून ते अंगणात गेले आणि नळाखाली दुसरं धोतर दगडावर आपटायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात जुन्या कपड्यांचा एवढा खजिना, पण शर्ट सगळे टेरिकॉटचे. मोठ्या आईची जुनी लुगडी ठिगळांत संपलेली. बनियनं सुती, पण त्यांत कापड शोधावं लागे. बाळासाठी म्हणून काही आणायची त्यांची छाती होत नव्हती. म्हणून ते स्वतःच्या नावाने नवं आणून स्वतःच्या अंगावर जुनं करत होते.

मग त्यांना भलतीच घाई झाली. जे काम चार वर्षांचं ते पाच महिन्यांत कसं उरकायचं? धोतर दिवसातून दोनदा धुतलं जाई. एक माझ्या नवऱ्याला पांघरायला मिळालं, एक मोठी आई डोक्याखाली घेऊन झोपायची, एक मला स्वयंपाक करताना खांद्यावर टाकायला दिलं आणि हळदीचा डाग पडला तर खबरदार, अशी ताकीदही. समोरच्या साहेबांनाही सुट्टी नव्हती. “साब, घर में ये पहना करो. आराम लगता है. बस फटना नहीं चाहिए,” असं सांगून एक धोतर त्यांच्या गळ्यात मारलं, आणि बिचारे साहेब, धोतर नेसता येत नव्हतं तरी, लुंगीसारखं गुंडाळून गच्चीवर फेऱ्या घालायला लागले. दर रविवारी सगळी धोतरं गोळा होत. मोठेबाबा एकेक घेऊन गालावर घासत आणि निकाल देत, “अजून टोचते.” हे कशासाठी ते आम्ही सगळे जाणत होतो आणि कोणीही विचारत नव्हतं. पावसाळ्यात कपडे वाळेनात तेव्हा ते पंख्याखाली धोतर धरून उभे राहायचे. त्यांचा चेहरा पाहून मला एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं.

रेखा माहेरी आली आणि दिलेल्या तारखेच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, अगदी लहानशी. डॉक्टरांनी तिला काही दिवस उबेच्या पेटीत ठेवलं. मोठ्या आईने पिशवीतून त्याच धोतरांची फाडून केलेली दुपटी काढून दिली तेव्हा नर्सने ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, “इतना मुलायम कहाँ से लाए, अम्मा?” मोठ्या आईने पुढचं दुपटं तिच्या हातात ठेवलं. मोठेबाबा रोज कचेरीतून येत, दाराच्या काचेतून बघत आणि तसेच घरी जात. एका दुपारी डॉक्टरांनी मुलीला पेटीतून काढून रेखाच्या कुशीत दिलं, वजन वाढलंय, आता काळजी नाही म्हणाले. मोठेबाबा आले तेव्हा मी बाळ त्यांच्यापुढे केलं. ते झटकन मागे सरले. “मले नोको देऊ. हा शर्ट टोचन तिले.” आणि आले तसे जिना उतरून निघून गेले.

तासाभराने ते परत आले. रिक्षातून, भर बाजारातून, राजधानीच्या रुंद रस्त्यावरून, ते बनियन आणि तो हिरव्या ठिगळाचा पायजमा घालून आले. घरातल्या कपड्यांत फाटकापर्यंतही न जाणारा माणूस! दवाखान्याच्या चौकीदाराने अडवलं, “कहाँ चले बाबा?” तर म्हणाले, “नातिन को गोद में लेने दे, भैया.” बाकावर बसून त्यांनी मुलीला छातीवर घेतलं. तिची इवलीशी बोटं बनियनच्या एका भोकात अडकली आणि ती तशीच झोपी गेली. मोठेबाबा श्वाससुद्धा जपून घेत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. “काहून उभी राहिली? जा ना पंडरीले. पोट्टीच्या बारशाले नवं झबलं घेऊन ये. लेसवालं.”

मोठेबाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती मुलगी कॉलेजात जाते, आम्ही मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते, आणि आजोबा तिला फोटोतल्या इस्त्रीच्या शर्टात तेवढे ठाऊक आहेत. मला वाईट वाटतं. पण त्यांची आठवण आली की मी मनाने पुन्हा त्या दिवशीच्या पंडरीतल्या दुकानात जाऊन उभी राहते. दुकानदाराने झबल्यांची चळत पुढे टाकून विचारलं, “किसके लिए चाहिए, दीदी?” इतके महिने आमच्या घरात कोणी जे तोंडातून काढलं नव्हतं ते मी सांगितलं, “हमारी रेखा की बेटी के लिए!” आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं.