काजकाकूंच्या रिकाम्या पेट्या

गल्लीत कुजबुज अशी होती की काजकाकूंचा वारलेला नवरा गच्चीवरच्या लाकडी पेटीत येऊन राहिलाय, आणि काकू रोज पेटीत डोकं घालून त्याला भेटतात. इस्त्रीवाल्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याची नजर किती तीक्ष्ण आहे ते ज्यांचे शर्ट करपलेत त्यांना विचारा. पण बातमी खमंग होती, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

काकूंनी जन्मभर काजं केली. नवरा मशीनवर शर्ट शिवायचा, काकू खिडकीशी बसून बटणांची काजं करायच्या. तो गेला, मशीन पुतण्याने नेलं, आणि घर इतकं गप्प झालं की कापडातून सरकणारा दोराही ऐकू यायचा.

मग एकदा मधवाल्याने सहज आपल्या मधमाश्यांच्या एका पेटीला कान लावू दिला. आत अगदी नवऱ्याच्या मशीनचीच घरघर! लांबच्या खोलीत कुणीतरी न थांबता शिवत बसल्यासारखी. काकूंचे डोळे मिटले ते उघडेचनात. मधवाला घाबरला, म्हणाला, "काकू, पाणी देऊ?"

"पाणी नको, जोडी द्या," चपला मागाव्या तशा काकू म्हणाल्या.

दोन छोट्या वसाहती ठरल्या. दोन्हींत राणी, कामकरी माश्या आणि थोडं पोळं. काकूंनी सुताराकडून पेट्या करून घेतल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. माश्यांना पाणी पिताना पाय टेकता यावेत म्हणून ताटलीत खडे मांडले. जुन्या मच्छरदाणीची जाळीची टोपी तर अशी शिवली की धाकटी जाऊ म्हणाली, "जाऊबाई, नवरदेव कोण ते तरी सांगा!"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा कामसू आहेत," काकू म्हणाल्या.

एवढं सगळं केलं आणि घोटाळा झाला. काम उलट्या बाजूनेही सुबक हवं, ही काकूंची जन्माची शिस्त. त्यांनी पेट्या आतूनही ऑइलपेंटने रंगवल्या, छान आभाळी रंगात. मधवाल्याने झाकण उचललं आणि नाक दाबलं.

"आतून कुणी रंगवतं का, काकू?"

"का? आतल्यांनी काय पाप केलंय?"

"अहो, या वासाने पोळं टाकून सगळ्या उडून जातील. आधी वास घालवा, मग आणतो. आणि उडाल्या तर माझ्याकडे दुसरी जोडी नाही, आत्ताच सांगतो."

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टोमणे मारत मारत धाकटी जाऊच पॉलिशपेपर घेऊन वर आली. दोघींनी रंग खरवडला, लाकडाला मेण चोळलं, पेट्या उन्हात उघड्या ठेवल्या. दुपारी पत्र्याच्या सावलीत काकूंना डुलकी लागायची. स्वप्नात माश्या पेटीच्या फटीतून दोऱ्यासारख्या निघायच्या, गच्चीपासून लांबच्या झाडांपर्यंत आभाळाला धावदोरा घालत जायच्या. काकू फक्त टोक धरून बसलेल्या.

शेवटी एका पहाटे मधवाला आला. पोळ्याच्या चौकटी नव्या पेट्यांत उतरल्या. ऊन आलं तशी एक माशी फटीतून बाहेर आली. मग दहा. मग मोजता येईनात.

"गेल्या!" जाऊ ओरडली. काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

"थांबा हो," मधवाला म्हणाला. "घराकडे तोंड करून घिरट्या घालतायत बघा. पत्ता पाठ करतायत."

काकू जेवण सोडून बसून राहिल्या. सावल्या लांबल्या तेव्हा माश्या पायांना पिवळे परागकण लावून परतल्या, एकीमागून एक फटीत शिरल्या. पुढच्या दिवशीही परतल्या. त्याच्या पुढच्याही. गच्चीचं दार उघडं ठेवलं की घरघर आता खिडकीपर्यंत येते, आणि काकू तिथे बसून काजं करतात.

राहता राहिली ती पेटीत डोकं घालण्याची गोष्ट. काकू रंगाचा वास गेला का ते हुंगून बघत होत्या.