टेबलाच्या किमतीचं नाणं

बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, पण या माणसाने एकाही प्रवाशाला सुखासुखी सुट्टे परत दिले नाहीत. तिकिटाच्या पाठीवर आकडा खरडायचा, "उतरताना घ्या" म्हणायचं, आणि प्रवासी मागच्या दाराने उतरायला लागला की आपण नेमकं पुढच्या दाराशी असायचं. गळ्यातली पिशवी दिवसभर खुळखुळायची, पण कुणी मागायला गेलं की तिच्यात म्हणे एक नाणं नसायचं. लोकांनी त्याचं नाव सुट्टेराव पाडलं. ते इतकं घट्ट बसलं की निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या साहेबाच्या तोंडूनही भाषणात तेच निघालं.

हा सुट्टेराव निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात चौकातल्या बँकेत नोटांचं पुडकं घेऊन गेला आणि खिडकीतून म्हणाला, सुट्टे द्या. रांगेत मागे एक जुना प्रवासी उभा होता. तो म्हणाला, "बाई, यांना चिठ्ठीच्या पाठीवर लिहून द्या. उतरताना घेतील."

झालं होतं ते न्हाव्याच्या दुकानात. दाढीच्या साबणाचे शिंतोडे पडलेल्या एका जुन्या साप्ताहिकात त्याने वाचलं, की टांकसाळीच्या चुकीने पाचाच्या काही नाण्यांवर आकडा तिरका पडला होता, आणि तसलं एक नाणं स्कूटरच्या किमतीला विकलं गेलं. हाव सुटून माणूस बिघडतो म्हणतात, पण सुट्टेराव बिघडला तो पस्तावा होऊन. दिवसाला हजारभर नाणी या बोटांतून गेली आणि एकाचंही तोंड आपण नीट पाहिलं नाही! त्याने साप्ताहिकाच्या समासातच गणित मांडलं. बत्तीस वर्षांत तिरक्या आकड्याची चाळीस तरी नाणी पिशवीत येऊन गेली असणार. म्हणजे चाळीस स्कूटरी आपण लोकांना वाटल्या, त्याही कुरकुर करत.

बँकेतून नाणी मिळत ती कागदात घट्ट वळलेल्या गुंडाळ्यांत, एका गुंडाळीत पन्नास. सुट्टेराव एका वेळी चाळीस गुंडाळ्या घरी आणायचा, टेबलावर फोडायचा, एकेक नाणं भिंगाखाली धरायचा, आणि पुन्हा वळून पुलापलीकडच्या बँकेत भरायचा. आणलेल्या बँकेतच परत भरायला गेलं, तर कॅशियर बाई चष्म्यावरून असं काही बघायच्या की माणसाने आपलीच सही विसरावी.

आता टेबल. ते त्याचं नव्हतं, बायकोचं होतं. ती शाळेचे गणवेश आणि पडदे शिवायची, आणि शिवणाच्या पहिल्या कमाईतून तिने हे सहा फुटी टेबल कापड बेतायला करून घेतलं होतं. सुट्टेरावाने आधी त्याचा एक कोपरा मागितला, दोन दिवसांसाठी. मग दिवा ठेवायला दुसरा कोपरा. उरलेले दोन कोपरे मागितलेच नाहीत. बायको जमिनीवर बसून कापड बेतायला लागली. तिचे गुडघे आधीच दुखरे, आता उठताना दाराच्या चौकटीसारखे करकरायला लागले.

ती बोलायची थोडं, कारण तोंडात कायम टाचण्या असायच्या. सहा महिन्यांनी एक दिवस तिने टाचण्या काढून हातात घेतल्या, तेव्हाच सुट्टेरावाने भिंग खाली ठेवलं. तिने सरळ करार मांडला. शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी दोनशे गणवेशांचं कापड येणार आहे. तोवर या नाण्यांतून नव्या टेबलाचे पाच हजार निघाले, तर नवं टेबल घ्यायचं आणि हे तुमचं. नाही निघाले, तर माझं टेबल मला. एवढं सांगून तिने टाचण्या परत तोंडात धरल्या. करारावर चर्चा नव्हती.

सुट्टेराव जोमाने लागला. पण महिन्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. कडेला दात लागल्यासारखा खळगा असलेलं एक नाणं हातात आलं, आणि बाजारात व्याही भेटावा तसा तो दचकला. हे नाणं त्याने याआधी दोनदा तपासलं होतं. पुलापलीकडे भरलेलं गावभर फिरून चौकातल्या बँकेत येत होतं आणि तिथून पुन्हा त्याच्याच टेबलावर. दळलेलंच दळत होतो आपण!

यावर त्याने कंडक्टरी तोडगा काढला. तपासलेल्या तिकिटाला टोचा मारतात, तशी तपासलेल्या नाण्याला खूण करायची. लेक सासरी जाताना नेलपॉलिशची एक बाटली विसरून गेली होती, गडद लाल. काडीने आकड्याच्या पोटात बारीक ठिपका दिला की ते नाणं झालं. तीन महिन्यांत बाटली संपली, तेव्हा त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातली दुसरी आणली. लालच, जराशी गुलाबीकडे झुकलेली. नाण्याला काय कळतंय?

नाण्याला नाही, पण गावाला कळलं. लाल ठिपक्याची हजारो नाणी फिरायला लागली. आधी वाणी ती घेईना. सरकार ही नाणी बंद करणार आहे, असं त्याला त्याच्या साडूने सांगितलं होतं, आणि साडूचा एक दोस्त सरकारी कचेरीत पंखे दुरुस्त करत असे. म्हणजे बातमी वरूनच आलेली. आठ दिवस लोक ठिपक्याची नाणी एकमेकांच्या गळ्यात मारत राहिले. मग बाजारातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने भिंगातून एक ठिपका पाहिला आणि मान हलवली, एवढंच. पण तज्ज्ञाने मान हलवली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी गावात तीन तऱ्हेची माहिती झाली: ही नाणी टांकसाळीने मोजून शंभरच काढली, ती साहेबांच्या साहेबांसाठी होती, आणि ठिपका रात्री चमकतो. ज्यांनी ती गळ्यात मारली होती ते आता परत मागायला लागले. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती कपाटात कुलपात घातली. दुकानदार पाचाचं नाणं पाचशेला घेऊन आठशेला विकायला लागला.

अशात कापड यायच्या आदल्या दिवशी बायकोचा धाकटा भाऊ आला. याचं नळाच्या तोट्यांचं दुकान, आणि सल्ले फुकट. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने खिशातून मखमली डबी काढली, उघडली, आणि सुट्टेरावाच्या पसाऱ्याच्या मधोमध ठेवली. आत पाचाचं नाणं, पोटात गडद लाल ठिपका.

"भावजी, वर्ष झालं तुम्ही उकरताय," तो म्हणाला. "याला म्हणतात नाणं. आठशे दिले. नजर लागते, नजर."

सुट्टेरावाने भिंग उचललं. ठिपक्याची उजवी बाजू जरा ओघळलेली होती. त्या दिवशी त्याला शिंक आली होती. त्याने भिंग खाली ठेवलं आणि चांगलं आहे म्हणाला. बायको जमिनीवर पडद्याला टाचण्या लावत होती. तिने मान वर करून एकदा डबीकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्यात घातली.

भाऊ गेल्यावर तिने टाचण्या काढल्या. "माझ्या लेकीची बाटली मला ओळखू येत नाही होय?"

सुट्टेरावाने मग दबकत विचारलं, की समजा असली दहा नाणी विकली, पाच हजार आले, तर ते करारात बसतं का. ती म्हणाली, "मला टेबलाशी मतलब. कुठलं विकायचं, कुणाला फसवायचं, ते तुमचं तुम्ही बघा. उद्या दुपारी कापड येतंय."

त्याने खरोखर विचार केला. बत्तीस वर्षांत खोटं तिकीट एकही फाडलं नाही, आता हे करायचं? सकाळी चहा होईपर्यंत मन खात होतं. चहा झाल्यावर त्याने घरातली वीस ठिपकेवाली नाणी रुमालात बांधली आणि बाजार गाठला.

दुकानदाराने एक नाणं भिंगाखाली धरलं. मग दुसरं. मग तिसरं बघायच्या आधीच रुमाल परत सरकवला. "नकली आहेत," तो म्हणाला. "असली ठिपका गडद असतो. हा गुलाबी मारलाय कुणीतरी. लोक काय वाट्टेल ते करतात हो."

सुट्टेरावाच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात होती ती सगळी दुसऱ्या बाटलीची. पहिल्या बाटलीची त्याने स्वतःच्या हाताने वळून, मोजून, पुलापलीकडे भरली होती, आणि ती आता गावाच्या कुलपांत होती. अब्रू गेली तरी चालेल, पण नकली म्हणवून घ्यायचं नाही, असं त्याच्यातल्या कंडक्टरला वाटलं.

"अहो, असलीही मीच केलीत," तो म्हणाला. "आमच्या मुलीचं नेलपॉलिश आहे ते."

दुकानदाराने भिंग पुसून खणात ठेवलं. "या आठवड्यात असं सांगणारे तुम्ही तिसरे."

दुपारी कापडाचे गठ्ठे आले, तेव्हा टेबल रिकामं होतं. गुंडाळ्या, दिवा, भिंग, सगळं सुट्टेरावाने आपणहून पलंगाखाली सरकवलं होतं आणि ओल्या फडक्याने फळीवरचा कळकट डागही पुसला होता. बायकोने टेबलाभोवती एक फेरी मारली. तळहाताने फळी चाचपली. पहिला गठ्ठा सोडून उभ्यानेच कापड पसरलं.

तो दारात घुटमळत होता. म्हणाला, एक कोपरा मिळाला असता तर. दोनच गुंडाळ्यांपुरता.

तिने मोजपट्टी लावली, खडूने एका कोपऱ्याशी वीतभर रेघ ओढली आणि स्टूल पायाने त्याच्याकडे ढकललं. सुट्टेराव लगेच बसला, एक गुंडाळी फोडली, भिंग डोळ्याला लावलं. कात्री टेबलाच्या त्या टोकाहून निघाली, आणि तिच्यापुढे कापड सरकत सरकत खडूच्या रेघेवर आलं.

"उचला," बायको टाचण्यांतून म्हणाली.

त्याने नाणी ओंजळीत घेतली, मांडीवर ठेवली, आणि कापड पुढे जायची वाट बघत बसला. दोनशे गणवेश होते.