चारीवरचा खांब

मी तेव्हा बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, ग्रामपंचायतीचे सदस्य होते.

आमच्या पलीकडच्या वस्तीवरची मुलं शाळेला येताना कालव्याची चारी ओलांडत. त्यासाठी कुणीतरी विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला. त्या वर्षी पहिलीतली एक मुलगी त्यावरून घसरून पाण्यात पडली. उसाला पाणी देणाऱ्या माणसानं तिला वाचवलं, पण त्यानंतर ती शाळेत जायलाच तयार होईना. ती माझ्या मैत्रिणीची पुतणी.

"ग्रामसभेत इचारायचं का?" एसटीत मैत्रीण म्हणाली.

"तितं बाया कुठं असत्यात?"

"मग आपून जाऊ की."

आम्ही अर्ज लिहिला आणि वस्तीवर घरोघर सह्या घेतल्या. एका म्हातारीनं अंगठा दिला, तो पुसट उठला म्हणून तिनं कागद पुन्हा मागून घेतला आणि अंगठा नीट दाबून उठवला. तात्यांना मात्र मी काही बोलले नाही.

सभा सकाळी शाळेच्या पटांगणात भरली. मैत्रीण उभी राहिली, पण तिचा आवाजच फुटेना. मग अर्ज मी वाचला. सरपंचांनी विचारलं, "त्या वस्तीचे सदस्य कोण?" सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या खाली बघत बसले.

दुपारी जेवताना ते म्हणाले, "मला आदी सांगायचंस की पोरी."

"सांगितलं आसतं तर तुमी 'बघू' म्हणाला आसता."

आईचा भाकरी वाढणारा हात थांबला. ताटातलं संपवून तात्या उठले. मला फार वाईट वाटलं. शब्द खरा होता, तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीला निघाले तर तात्या चारीवर दिसले. चपला काठावर काढून ते खांबावर चढले होते आणि मध्यावर जाऊन अडकले होते. विहिरीत बिनदिक्कत उतरणारा माणूस, पण इथं पुढचं पाऊल टाकायला धजत नव्हता. मी खांबावर दोन पावलं चढून हात पुढं केला. त्यांनी तो घट्ट धरला. काठावर आल्यावर बराच वेळ सोडला नाही.

"रोज जात्यात व्हय पोरं हितनं?"

"रोज."

त्या दिवसापासून रोज सकाळी ते चारीवर उभे राहू लागले. कमरेभर पाण्यात उतरून खांबावरच्या एकेका मुलाला हाताला धरून पलीकडे नेत. मैत्रिणीची पुतणी पुन्हा शाळेला येऊ लागली ती त्यांच्या खांद्यावर बसून. आम्हा दोघींना ते इंदापूरच्या कचेरीतही घेऊन गेले. साहेबांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "बोला, काय काम आहे?"

"अर्ज ह्यांचा हाय," तात्या म्हणाले, "ह्याच सांगतील." आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. या वेळी मैत्रीण न अडखळता बोलली.

बऱ्याच खेपा झाल्या. पूल झाला तो अरुंद, कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या कठड्याचा अर्ज अजून चालूच आहे.

पूल झाल्यावरही काही दिवस तात्या सकाळी तिथं जात. मुलं त्यांच्या बाजूनं पळत सुटायची. ती पुतणी मात्र थांबायची, त्यांचं बोट धरून सावकाश पूल पार करायची. तिला आता भीती वाटत नव्हती. तात्यांना बरं वाटावं म्हणून ती धरत असावी.