केबल ढिली होती

जुन्या जालन्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि बायको घरी मराठी टायपिंगची कामं घ्यायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, माझ्या क्लासच्या नोट्ससुद्धा. तिचा जुना, मराठी टायपिंगचा प्रोग्राम असलेला कॉम्प्युटर आतल्या खोलीत, माझा नवा बाहेर. तिच्याकडे जागा उरली नव्हती, म्हणून मी मध्ये केबल टाकून माझ्याकडचं एक फोल्डर तिला शेअर करून दिलं. तिच्या फाइली माझ्याकडे असायच्या, ती आत बसून त्या उघडायची.

एका सकाळी भोकरदनहून एक मुख्याध्यापक प्रश्नपत्रिका न्यायला आले. एक शेवटची दुरुस्ती राहिली होती. बायकोने फाइल उघडायला घेतली, तर तिच्या कॉम्प्युटरला माझा सापडेचना.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी काहीच केलं न्हाई. काल बराबर चालू होतं."

"आपोआप बंद पडतं का? काहीतरी दाबलंच असशील."

मुख्याध्यापक चहाचा कप हातात धरून बघत होते. त्यांच्यासमोर मला माझी हुशारी दाखवायची होती. मी तिला खुर्चीवरून उठवलं आणि तिच्या कॉम्प्युटरच्या सेटिंग उचकायला लागलो. वर्कग्रुपचं नाव तपासलं, आयपी पत्ता बदलून पुन्हा तोच टाकला, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला.

"अहो, फाइल फ्लॉपीवर द्या ना, मी जल्दी करून देते," ती म्हणाली.

"थांब. आधी तू काय करून ठेवलंस ते बघू दे."

तासाभराने मुख्याध्यापकांनीच घड्याळ दाखवलं. मग मी तिला फाइल फ्लॉपीवर घालून दिली. तिने दहा मिनिटांत काम संपवलं. त्यांची बस तोवर निघून गेली होती.

दुपारी ती बाजारात गेली तेव्हा मला आठवलं. व्हायरसच्या भीतीने आदल्या रात्री मीच माझ्या कॉम्प्युटरवर बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉल चालू केली होती. तीच तिला आत येऊ देत नव्हती. सकाळी मी पिंग करून, म्हणजे चाचणीची हाक देऊन, बघितलं होतं; ती माझ्याकडून तिच्या कॉम्प्युटरला जात होती आणि तिच्याकडून माझ्याकडे येत नव्हती. हे शिकवणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. फायरवॉलमध्ये शेअरिंगच्या नावापुढे मी एक टिक केली आणि सगळं सुरू झालं.

ती पिशवी घेऊन दारात आली आणि तिने विचारलं, "सापडलं का?"

"केबल ढिली होती तुझ्याकडची," मी म्हणालो. "झाडताना धक्का लागला असणार."

"असंल," ती म्हणाली आणि पिशवी ठेवायला आत गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण नेटवर्कचा धडा आला की मी हा किस्सा वर्गात रंगवायला लागलो. बायको झाडू कसा मारते त्याची नक्कलही करायचो. पोरं खिदळायची. एकदा नक्कल करून वळलो, तर ती नोट्सचा गठ्ठा घेऊन दारात उभी. पोरांनी तिला ओळखलं आणि हसू दाबलं. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "केबल ढिली होती, तर मंग केबल नीट बसली की लागतो तो हिरवा दिवा चालू कसा होता? मी बघितला होता त्या दिवशी."

मी खरं सांगितलं.

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "तेव्हापासून मी तिथं झाडू मारत न्हाई. गुडघ्यावर बसून हातानं पुसून घेते."

मला हे माहीतच नव्हतं. रोज त्याच घरात राहत होतो.

पुढच्या बॅचला मी खरी हकिकत सांगितली; पण "एका घरी असं झालं" म्हणून. जी बॅच हसली होती, ती तोवर परीक्षा देऊन गेली होती.

मुख्याध्यापक पुढच्या परीक्षेच्या वेळी आले तेव्हा मी स्वतःहून म्हणालो, "सर, त्या दिवशी चूक माझी होती. हिची बिलकुल नव्हती."

ते हसले. "असंच सांभाळून घ्यावं माणसानं घरच्यांना," ते म्हणाले.

मी त्यांची समजूत दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी दुसरा विषय काढला. बायको टाइप करत राहिली.