दहा मिनिटं हात थांबवायचा नाही

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पेन्सिलराव म्हणत. चौतीस वर्षं स्टेनो म्हणून काढली माणसानं. साहेब बोलू लागले की यांची पेन्सिल पळायची, साहेब थांबले की थांबायची. मी पलीकडच्या टेबलावर टायपिस्ट. लघुलिपी मलाही येत होती, पण त्यांच्या वेगापुढे मी म्हणजे बैलगाडी.

साहेब डिक्टेशन देताना मध्येच खोकायचे, शिपायावर ओरडायचे, फोनवर बायकोशी भांडायचे. पेन्सिलराव त्यातलं अक्षरही वहीत येऊ द्यायचे नाहीत. नवे स्टेनो साहेबांची शिंकसुद्धा उतरवून ठेवत आणि बोलणी खात. यांच्या हातून मात्र साहेबांना जे म्हणायचं असे तेवढंच कागदावर यायचं.

निवृत्तीनंतर आम्ही योगायोगानं एकाच इमारतीत आलो. मी तळमजल्यावर, ते वर. लग्न त्यांनी केलं नाही. दोन खोल्या, एक पलंग, एक खुर्ची. दुसरी खुर्ची कधी लागलीच नाही, असं ते सांगत, जणू मोठी बचतच केली होती.

जगात त्यांचं माणूस म्हणजे थोरली बहीण. आईच्या मागे तिनंच यांना वाढवलं. आता ती दूर, मुलाकडे राहते. तिला पार ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. उरलं पत्र, आणि तिथंच घोडं अडलं. जन्मभर लिहिण्याचं काम केलेल्या या गृहस्थाला स्वतःचं पत्र लिहिता येत नव्हतं. 'येथील प्रकृती ठीक आहे. हवामान कोरडे आहे.' असली पत्रं जायची. शेवटी ताईनं लिहिलं, 'हे तू लिहिलंस की ऑफिसनं? हवामान मला पेपरात कळतं. तुझं स्वतःचं काही असेल तर लिही, नाहीतर तिकीट वाया घालवू नकोस.'

त्याला सहा महिने झाले. रोज कागद घ्यायचा, 'प्रिय ताई' लिहायचं आणि बसून राहायचं. एका दुपारी ते माझ्या दारात आले.

"बाई, मला काही सुचत नाही. कुणी बोलल्याशिवाय हातच हलत नाही माझा. असंच चाललं तर ताई वाट बघणं सोडून देईल हो."

बोलताना त्यांचे डोळे भरले होते. 

मी वाचनालयातल्या लेखनवर्गाला जाते. कविता काही होत नाही, पण वेळ बरा जातो. तिथं शिकवतात, सुचत नसेल तर घड्याळ लावा आणि दहा मिनिटं हात थांबवू नका. खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचत नसेल तर 'सुचत नाही' हेच लिहायचं. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वेळ तुम्ही बघा. समोर कुणी बसलं की मला जमतं."

पहिल्या दिवशी पेन्सिल दहा मिनिटं धावली. वहीत पाहते तर 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की'. मी कपाळाला हात लावला.

"हे कोण बोलतंय?"

"साहेब," ते ओशाळून म्हणाले.

पुढचे दोन दिवस साहेबच बोलले. चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. "पेन्सिलराव, आयुष्यभर जे गाळलंत ना, तेच लिहा आता. खोकला, शिंक, शिव्या, काय येईल ते!"

त्या दिवशी पेन्सिल दोनदा अडखळली आणि मग सुटलीच. मी पलंगाच्या कडेला बसून इमानदारीनं घड्याळ बघत होते.

संध्याकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेलं पत्र खाली आणून दाखवलं. ताई शाळेत सोडायला यायची, वाटेत गणितं घालायची, असं छान लिहिलं होतं. पण दहा मिनिटांचं लिखाण एवढंसंच कसं? मी वही मागितली. त्यांची लघुलिपी मी अजून वाचू शकते.

'सुचत नाही सुचत नाही. ताई, घरात आवाज नाही. नळ मी मुद्दाम थोडा सुरू ठेवतो. बाई घड्याळ बघताहेत. दहा मिनिटं झाली की उठतील. मग जिन्यात पावलं ऐकायची, ती थांबली की संपलं. ताई, मला फार एकटं वाटतं.'

मला स्वतःची लाज वाटली. चार दिवस मी रोज बरोबर अकराव्या मिनिटाला उठले होते.

"हे पत्रात का नाही?"

"ते मधलं बोलणं आहे. पत्रात कसं येईल?"

जित्याची खोड! "पत्र एवढंच आहे, पेन्सिलराव. गाळायचं तर बाकीचं गाळा."

"ताईला काळजी लागेल."

"लागू दे की. तेवढंच तर मागतेय ती."

त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिलं. पेन्सिलराव पत्र परत मागतील या भीतीनं ते टपालपेटीत मीच टाकून आले.

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. पेन्सिलराव पाकीट घेऊन माझ्याकडे आले आणि उभ्यानंच मोठ्यानं वाचू लागले. "तुझं पत्र तीनदा वाचलं..." पुढे त्यांना वाचवेना. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.

'अरे वेड्या, मला वाटायचं, माझे कान गेले म्हणून माझंच घर एवढं शांत आहे. तुझंही तसंच आहे हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस?'